शेषेरावांचं बिनचूक मीटर

१

माझ्या सहीला पंधरा वर्षांत कुणी बोट लावलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शेखी वाटली तर वाटू द्या.

नांदेडच्या एमआयडीसीत पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. वीज मोजणारी यंत्रं खरं बोलतात की थापा मारतात, हे तपासणं आमचं काम. कारखान्यांची, गिरण्यांची, दवाखान्यांची मीटरं वर्षातून एकदा आमच्याकडे येतात, टेबलावर बसून परीक्षा देतात आणि पास झाली की हिरवं स्टिकर लावून घरी जातात. स्टिकरवर तारीख असते आणि खाली माझी सही, उज्वला व्यंकटराव. नापास झालेल्याला लाल स्टिकर. तिथेही माझीच सही.

परीक्षा घेणारा आमचा कॅलिब्रेटर. दिसायला एखाद्या मायक्रोवेव्ह ओव्हनएवढा, पण त्याला म्हणावं शंभर व्होल्ट दे, की तो शंभरच देणार. तो स्वतः दर वर्षी मोठ्या लॅबमध्ये परीक्षा देऊन येतो, म्हणून आमच्या खोलीत त्याचा शब्द शेवटचा. सकाळी आल्या आल्या त्याला चालू करायचं, दोन तास तापू द्यायचं आणि खोली तेवीस डिग्रीवर ठेवायची. मे महिन्यात बाहेर नांदेड भाजून निघत असतं आणि मी आत स्वेटर घालून बसलेली असते.

लॅब बसवंत सरांची. ते मूळचे उदगीरचे, वय अडुसष्ट, बोलणं मोजकं. त्यांनी टेबलाच्या मधोमध प्लायवूडची एक आडभिंत बसवून घेतली आहे. पलीकडे सर आणि कॅलिब्रेटर, अलीकडे मी आणि मीटर. खालच्या भोकातून वायरी येतात. सर किती व्होल्ट सोडतात ते मला सांगत नाहीत. काटा थांबला की मी आकडा मोठ्यानं वाचते आणि सर तो लिहून घेतात. कारण शंभर येणार हे आधी माहीत असलं, की नव्याण्णवचेही शंभर दिसतात. भल्याभल्यांना दिसतात. दुसऱ्या लॅबवाले आमच्या आडभिंतीला सून-सासऱ्याचा पडदा म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्याकडून परत आलेली सर्टिफिकेटं मी पाहिली आहेत.

हे मला सरांनी शिकवलं असं सर समजतात, पण मी ते घरूनच शिकून आले होते. माझे वडील, बापू, अर्धापूरच्या केळीबाजारात मापाडी होते. घड तराजूत टाकले की बापू डोळे मिटायचे. दांडी हलायची थांबली, की उघडायचे आणि वजन पुकारायचे. शेतकरीही म्हणायचा व्यंकटरावाचं माप पाहिजे आणि व्यापारीही तेच म्हणायचा. मी लहानपणी विचारलं होतं, डोळे का मिटता? तर म्हणाले, "काटा हलत असताना बघू न्हाई, बाई. आपलं मन त्याच्यावर जाऊन बसतंय. मनालाबी वजन असतंय."

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

२

त्या दिवशी शेषेराव सकाळी अकराला आले. लातूरच्या एका डाळ मिलमधले इलेक्ट्रिकल फोरमन. पंचावन्नच्या घरातले, खिशाला टेस्टर अडकवलेला, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. लोह्याला एसटी पंक्चर झाली म्हणून उशीर झाला, ही माफी त्यांनी दारातच मागून टाकली. एका हातात डाळीची पिशवी होती, दुसऱ्या हातात कातडी पेटी.

"मिलची डाळ हाय, मॅडम. बिनपॉलिशची."

"काम होईपर्यंत आम्ही पाण्याशिवाय काही घेत नाही, मामा," मी म्हणाले. ते मनापासून हसले. मला ते आवडून गेले, खरं सांगते.

पेटीतून त्यांनी मीटर काढलं. जुनं, काट्याचं, काळ्या बेकलाइट प्लॅस्टिकचं. अशी मीटरं आता फारशी येत नाहीत. कडा हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या, पण काच लख्ख. शेषेरावांनी ती शर्टाच्या टोकानं पुन्हा एकदा पुसली.

"उद्या मिल बंद हाय," ते म्हणाले. "मेन पॅनेलच्या केबली सोडून नव्या टाकायच्यात. तपासणीवाले म्हणून राहिले की मीटरचं सर्टिफिकेट दाखवा. तवा आजच पाहिजे."

"पॅनेलमध्ये हात कोण घालणार?"

"मीच की. पोरं लग्नाची हायत, त्यांना कशाला घालू द्यायचं? लायन बंद करायची, ह्यानं बघायचं, शून्य आलं की मग हात. तेवीस वर्षं ह्याच्या भरवशावर करून राहिलो. लई गुणी मीटर हाय."

मी मीटर उलटं करून नंबर लिहून घेतला. पाठीवर खिळ्यानं कोरलेली तीन नावं होती. वरची दोन आडव्या रेघेनं खोडलेली. तिसरं नाव शेषेराव.

३

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. जगात बिनचूक मीटर नसतं. प्रत्येकात काही ना काही खोट असते आणि ती किती आहे ते आम्ही लिहून देतो. तीस-चाळीस वर्षांचं काट्याचं मीटर तर एक-दोन रेघा सहज इकडेतिकडे दाखवणार. तेवढं चालतं. माणसासारखंच असतं ते.

सरांनी पहिला व्होल्टेज सोडला. काटा उठला, थरथरला, थांबला. "पन्नास," मी वाचलं. पुन्हा शून्य, पुन्हा तेच. "पन्नास." प्रत्येक आकडा आम्ही पाच वेळा घेतो आणि पाचातला एखादा तरी केसभर हलतो. हा नाही हलला. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, पाचही वेळा काटा रेघेवर अस्सा बसला की रेघ दिसेना.

मग सरांनी त्यांची नेहमीची युक्ती केली. यादीत नसलेला आकडा सोडला. काटा दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी थांबला. मी अंदाजानं वाचलं, "एकशे तेहतीस."

पलीकडून सरांची खुर्ची करकरली.

"एकशे तेहतीसच सोडले होते," सर म्हणाले.

माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू? मीटर चांगलं की माझी नजर चांगली, असा प्रश्न असेल तर मी नजरेच्या बाजूनं होते. शेषेराव बाकावर बसून माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला आहे.

तेवढ्यात मला ते दिसलं. म्हणजे दिसलं नाही, तेच सांगते.

अशा मीटरच्या आकड्यांखाली आरशाची बारीक पट्टी असते. वाचताना डोळा बरोबर वर धरला की काट्याचं प्रतिबिंब काट्याखाली लपतं. मान जरा कलली की ते बाजूला डोकावतं आणि आपल्याला कळतं की आपण वाकडं बघतोय. मी उगाच मान डावीकडे केली. प्रतिबिंब आलं नाही. उजवीकडे केली. नाही. खुर्चीवरून उठून पार टेबलाच्या कडेनं पाहिलं. आरशात माझा डोळा होता. वरचा ट्यूबलाइट होता. काटा तेवढा नव्हता.

आरसा जुना आहे, मी स्वतःला म्हणाले. पारा उडाला असेल. पण ट्यूबलाइट बरा दिसतो मग?

४

मी वायरी बदलल्या. मीटर दुसऱ्या टेबलावर ठेवून पाहिलं. सरांना माझ्या जागी बसवलं आणि पलीकडे मी बसले. सरांनी वाचलेले आकडे आणि मी सोडलेले आकडे जुळ्या भावंडांसारखे निघाले. सर चष्मा पुसत म्हणाले, "चाळीस वर्षांत असं बघितलं न्हाई." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, पण मीटर माझ्याकडे सरकवताना त्यांनी ते दोन बोटांनी सरकवलं.

दीड वाजता डबे उघडले. शेषेरावांनी फडक्यातून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा काढला आणि आमच्या दोघांच्या ताटात न विचारता वाढला. जेवताना मी सहज विचारलं, "ह्या मीटरनं कधी चुकीचं दाखवलं का, मामा?"

"कधीच न्हाई," ते म्हणाले. मग जरा आठवून हसले. "एकदा मिलची मोठी मोटार जळाली असं पोरं म्हणत होती. मालक डोक्यावर उभा. मी म्हणलं, देवा, जळालेली नसू दे. मीटर लावलं, तर एकदम ठणठणीत दाखवलं."

"मग चालली मोटार?"

"न्हाई ना! जळालेलीच होती. आतून कोळसा झालेला. पण मीटरची काय चूक? मीटर बरोबरच दाखवत होतं."

सरांचा घास हातातच राहिला. शेषेरावांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. ते ठेच्यावर तेल ओतत होते.

"पाठीमागची नावं कुणाची?" मी विचारलं.

"ते आधीचे. पहिल्याला मी बघितलं न्हाई. दुसरे माझे वस्ताद, राजशेखर मिस्त्री. त्यांनीच मला काम शिकवलं. दोघंबी गेले बिचारे."

"कशानं?"

"वायरमन कशानं जायाचा, मॅडम? बंद लायन म्हणून हात घातला, चालू निघाली."

"मीटर लावलं नव्हतं?"

"लावलं होतं की. मी बाजूलाच उभा होतो. शून्य दाखवत होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." शेषेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "नशीब, दुसरं काय."



५

जेवणानंतर सर आतल्या खोलीत खुर्चीवर मान टाकून डुलकी घेतात. शेषेराव पान खायला खाली उतरले. मी मीटर उचलून सरांच्या बाजूला नेलं, कॅलिब्रेटरच्या शेजारी ठेवलं आणि वायरी जोडल्या. स्क्रीनवर दोनशे तीस लावले. घरातल्या भिंतीत असते तेवढी वीज. बटण दाबलं. कॅलिब्रेटरचा लाल दिवा लागला, म्हणजे वायरीत वीज आहे. काटा उठून दोनशे तीसवर बसला.

मी एक वेडेपणा करणार होते आणि तो कुणाला दिसू नये म्हणून दाराकडे दोनदा पाहिलं.

मनात म्हणाले, शून्य हो.

काटा ढिम्म. मला हसू आलं. उज्वलाबाई, तुमचे आकडे तोंडपाठ आहेत म्हणून काय मीटरशी बोलायला लागलात? पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात आली. मी नुसतं म्हटलं होतं. मला ते हवं कुठे होतं? लाल दिवा लागलेला असताना मीटरनं दोनशे तीस दाखवावेत हेच मला हवं होतं. पंधरा वर्षं मला तेच हवं असतं. सकाळपासून मला फक्त बरोबर यावं असं वाटत होतं आणि बरोबर येत होतं. सरांनाही तेच वाटत होतं. त्यापुढे आमची आडभिंत काय करणार?

मग मी उद्याचा विचार केला. लातूरची ती मिल मी पाहिलेली नाही. पण पॅनेल सगळीकडे सारखीच असतात. उघडं दार, तांब्याच्या पट्ट्या, उन्हाळ्याचा घाम. शेषेरावांचा हात मला दिसला, ठेचा वाढणारा तो हात, नखांत काळं बसलेला. तो आत जात होता. आणि माझ्या पोटातून आलं, नको, बंद असू दे, लाइन बंद असू दे.

काटा खाली आला.

सावकाश आला. घाई नाही की थरथर नाही. दोनशे, दीडशे, पन्नास, आणि डावीकडच्या शून्यावर जाऊन टेकला. लाल दिवा लागलेलाच होता. स्क्रीनवर दोनशे तीस तसेच. मी आरशाच्या पट्टीत पाहिलं. तिथे माझाच डोळा होता आणि तो निश्चिंत दिसत होता. मला तर घाम फुटला होता.

मी बटण बंद केलं आणि वायरी सोडवून मीटर परत अलीकडे नेऊन ठेवलं.

६

शेषेराव वर आले तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं.

"मामा, हे मीटर वापरू नका."

"का बरं?"

"फार बरोबर आहे."

ते इतके हसले की सर जागे होऊन बाहेर आले. मी म्हटलं थांबा, दाखवते, आणि त्यांच्यासमोर दोनशे तीस सोडले. काटा दोनशे तीसवर बसला आणि बसूनच राहिला. ते त्याच्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होते, मग तो दुसरीकडे जाईल कशाला? मी मनातून कितीही ओढलं तरी त्यांच्या तेवीस वर्षांपुढे माझी दहा मिनिटं हलकी पडली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या," शेषेराव आता गंभीर झाले. "खोट असल आकड्यात, तर आकडा दाखवा. आत्ता कोपऱ्यात फेकतो. पण आकडा बरोबर आणि मीटर वापरू नका, हे कुठलं शास्त्र? तुम्ही सर्टिफिकेट न्हाई दिलं तर दुसरीकडून आणीन. उद्या हातात हेच असणार."

त्यांचं काय चुकलं होतं? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

मी सरांकडे पाहिलं. सर पलीकडे जाऊन कॅलिब्रेटरपुढे बसले. "दोनशे तीसच पुन्हा घेऊ," ते म्हणाले. "वाच तू."

मी अलीकडे बसले. पंधरा वर्षांत मी डोळ्यांना न दिसलेला आकडा कधी वाचला नव्हता. एकदा एका कारखान्याच्या साहेबानं एका रेघेसाठी दोन दिवस फोन केले होते. नाही वाचला. एकदा ओळखीतल्या दवाखान्याचं मीटर होतं. नाही. माझ्या सहीची ऐट आहे ती एवढ्याच गोष्टीची, दुसरं माझ्याजवळ काही नाही. आणि आता समोर बाकावर एक भला माणूस बसला होता, जो फक्त आकड्यावर विश्वास ठेवत होता. खरा आकडा सांगितला तर उद्या त्याचं नाव खोडलं जाणार होतं.

पलीकडे बटणाचा टक असा आवाज झाला. मी डोळे मिटले. बापू मिटायचे तसे नाही. चोरासारखे मिटले. निदान दोनशे तीस बघून खोटं बोलल्यासारखं होणार नाही, अशी मनाची समजूत.

"एकशे सत्त्याऐंशी," मी म्हणाले. तोच का आला तोंडात, माहीत नाही.

सरांचं पेन थांबलं. मग कागदावर फिरलं. "पुन्हा," सर म्हणाले.

"एकशे सत्त्याऐंशी."

पाच वेळा वाचला मी तो आकडा. पाचव्या वेळी आवाज बरा लागला.

"काय म्हणता?" शेषेराव उठून उभे राहिले. "सकाळी तर सगळं ठीक होतं. दोनशे तीसला एकशे सत्त्याऐंशी? बघू द्या मला."

आता सगळं संपलं, असं वाटलं. ते येऊन बघणार, काटा दोनशे तीसवर असणार आणि उज्वला व्यंकटराव खोटारडी ठरणार, तीही सरांच्या देखत. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी लपवत नाही. शेषेराव वाचावेत असं वाटलंच. पण त्याहून जास्त, त्याच्या कितीतरी जास्त, असं वाटलं की माझा शब्द खोटा पडू नये.

"सर, पुन्हा सोडा," शेषेराव म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून वाकले.

टक. थोडा वेळ गेला. माझे डोळे अजून मिटलेले होते.

"आँ," शेषेराव हळूच म्हणाले. "खरंच की, मॅडम. एकशे सत्त्याऐंशीच हाय."

मी डोळे उघडले. काटा एकशे पंच्याऐंशीच्या रेघेपुढे जरासा उभा होता. एकशे सत्त्याऐंशी, ना कमी ना जास्त. स्वच्छ आणि स्थिर.

मी मान कलवली. त्या दिवशी पहिल्यांदाच आरशाच्या पट्टीत काटा होता. पण काट्याखाली नव्हता. पार उजवीकडे, दोनशे तीसच्या रेघेवर, आणि वाऱ्यात धरलेल्या उदबत्तीसारखा थरथरत होता. मग माझ्या देखत तो आरशातल्या आरशात सरकत डावीकडे आला. आपल्या जागी परत जावं तसा वरच्या काट्याखाली शिरला आणि दिसेनासा झाला.

"दिसलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसलं की. एकशे सत्त्याऐंशी," शेषेराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. जुना दोस्त चोर निघावा तसं त्यांनी मीटरकडे पाहिलं.

७

लाल स्टिकर मी माझ्या हातानं लावलं. रिकाम्या हातानं त्यांना पाठवलं नाही. पहिल्या पगारातून घेतलेलं माझं स्वतःचं मीटर मी त्यांना दिलं, एक रेघ, म्हणजे पाच व्होल्ट, कमी दाखवणारं. ती एक रेघ सर्टिफिकेटवर लिहूनही दिली. ते म्हणाले, "एक रेघ खोट हाय मग ह्याच्यात." मी म्हणाले, "मामा, म्हणूनच देतेय." डाळीची पिशवी ठेवून, साडेचारच्या गाडीनं ते लातूरला गेले.

सर पलीकडे कागद आवरत होते. आडभिंतीवरून त्यांचा आवाज आला.

"पहिल्या खेपेला तू आकडा लई लवकर सांगितलास, उज्वला. काटा थांबायला येळ लागतो."

"आणि दुसऱ्या खेपेला, सर?"

"दुसऱ्या खेपेला बरोबर येळ लागला," सर म्हणाले. "मी दोनशे तीसच सोडले होते. दोन्ही खेपेला." मग त्यांनी दिवे मालवायला सुरुवात केली. त्यानंतर आम्ही त्या मीटरचं नाव काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शेषेरावांचा फोन आला. आवाज चिरकत होता.

"मॅडम, मेन स्विच मी सोताच्या हातानं पाडला होता. लायन बंदच असणार, मला पक्कं ठाव होतं. आपलं रीत म्हणून तुमचं मीटर लावलं. तर दोनशे पंचवीस दाखवून राहिलं! छतावरच्या सोलरचा करंट उलटा पॅनेलमध्ये येत होता. कुणाच्या ध्यानातच न्हाई. हात आत जायला इतकं राहिलं होतं." मग म्हणाले, "एक रेघ कमीच दाखवलं त्यानं. तुम्ही लिहिलं होतं तसंच."

फोन ठेवल्यावर मी स्वेटरच्या बाहीत तोंड घालून रडले. लाज कसली? माझ्या मीटरनं माणूस वाचवला. माझ्या सहीनं वाचवला. बापू असते तर बाजारभर सांगत फिरले असते.

ते काळं मीटर आमच्याकडेच आहे, लोखंडी कपाटात खालच्या खणात, कातडी पेटीत, काच खाली करून ठेवलेलं. किल्ली सरांकडे असते. आडभिंत आहे तिथेच आहे. आता वाचण्याआधी मी डोळे मिटते, बापूंसारखे, आणि मनातून सगळं काढून टाकायला बघते. सगळं निघतं. बरोबर यावं, एवढं एक निघत नाही. आणि एखादं मीटर पाचही वेळा केसभरसुद्धा हललं नाही, की मी उठते आणि मान कलवून बघते.

तपासणीवाले दर वर्षी आमच्या फायली चाळतात. यंदाही चाळल्या. शेषेरावांच्या मीटरचा कागद त्यांनी पाहिला, नापास, एकशे सत्त्याऐंशी, पाच वेळा, साक्षीला ग्राहक स्वतः. काही म्हणाले नाहीत. म्हणणार काय? माझ्या सहीखाली आजही एकही खोटं रीडिंग नाही. मी एक वाचलं होतं. ते त्या मीटरनं खोटं राहू दिलं नाही.